टेबलाखाली

मी उलानबातरच्या एका लोकर-कारखान्यात दुभाषी आहे.
साहेबांची इंग्रजी मी मंगोल करते,
आणि मंगोल गप्पपणाचं
शक्यतो काहीच करत नाही.

हूक्स्ट्रा साहेब मार्चमध्ये हॉलंडहून आले.
बाहेर उणे एकोणीस, शहर कोळशाच्या धुराने खोकत होतं.
पहिल्याच बैठकीत म्हणाले,
"हा रंग चुकलाय. कोणी केला?"
समोर दंबादार्जा. रंगखात्यात बत्तीस वर्षं,
नखांच्या कडांत निळा रंग कायमचा मुरलेला.
मी म्हटलं, "साहेब विचारताहेत,
हा रंग थोडा गडद होईल का?"
म्हातारा म्हणाला, "बघू."
मी सांगितलं, "हो म्हणतात."
दोन्हीकडच्या मापात असं थोडं थोडं मारत
मी तीन महिने पगार घेतला.

पण त्याच बैठकीत साहेबांचा बूट
टेबलाखाली म्हाताऱ्याच्या पायाला लागला.

आमच्याकडे पाय लागला की लगेच हात पुढे करतात.
हातात हात, बस. शब्द लागत नाही.
बसमधला अनोळखी असो,
नाहीतर ज्याच्याशी कडाक्याचं भांडण चाललंय तो.
साहेबांनी पाय मागे घेतला
आणि पुढचा तक्ता उघडला.
म्हाताऱ्याचा उजवा हात
मांडीवरून टेबलाच्या कडेपर्यंत आला
आणि बैठक संपेपर्यंत तिथेच राहिला,
गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या दुकानासारखा उघडा.

हे मला भाषांतरता आलं नाही.
वाक्य नव्हतंच ते.

मग हेड ऑफिसने प्रशिक्षण ठेवलं, दोन दिवस, जेवणासकट.
रंगीत कार्डांवर आम्ही:
वडीलधाऱ्यांना मान द्या. जनावरांची चौकशी करा.
तपकिरीची बाटली उजव्या हाताने घ्या.
साहेबांनी पाठ केलं,
आणि एका लग्नात बाटली डाव्या हाताने घेतली.
सगळे हसले.
परक्याला आम्ही सगळं माफ करतो,
म्हणजे त्याला परकाच ठेवतो.

जूनमध्ये इटलीहून आठशे किलो लोकर परत आली,
डागाळलेली.
बॉयलरचं पाणी बदललंय
हे म्हाताऱ्याला एप्रिलपासून ठाऊक होतं.
"मग बोलला का नाही?"
साहेबांनी मला विचारलं, दार लावून.

तेव्हा मी सांगितलं. पायाचं, हाताचं,
'बघू'चं मी काय केलं त्याचंही.
त्यांचे कान लाल झाले.
बराच वेळ खिडकीतून क्रेनकडे बघत राहिले.
"म्हणजे इतके दिवस माझ्या तोंडून कोण बोलत होतं?"
"मी."
वाटलं, नोकरी गेली.
ते म्हणाले, "उद्यापासून जसंच्या तसं सांग.
माझं वाईट मला दिसू दे."

दुसऱ्या दिवशी ते रंगखात्यात उतरले
आणि वाफेत उभं राहून हात पुढे केला.
म्हातारा आपल्या ओल्या हातांकडे बघत म्हणाला,
"त्या पायाचा हात त्या दिवशीच होता."
मी जसंच्या तसं सांगितलं.

हात खाली आला. साहेब मात्र गेले नाहीत.
कार्डावरचं काहीतरी आठवून
मोडक्यातोडक्या मंगोलमध्ये म्हणाले,
"जनावरं धष्टपुष्ट आहेत ना?"
दंबादार्जा नवव्या मजल्यावर राहतो.
"एक जुनी प्रियस आहे," तो म्हणाला,
"थंडीत कुरकुरते. बाकी बरी आहे."
मग, कढईतली लोकर हलवत,
आपणहूनच: "पाणी बघायचंय?"

ऑक्टोबरातली गोष्ट. दरावरून जुंपली होती.
साहेबांचा आवाज चढलेला,
म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलेलं,
आणि टेबलाखाली बूट लागला.
वाक्य न तोडता साहेबांचा हात पुढे गेला,
म्हाताऱ्याने न बघता धरला, सोडला.
भांडण आहे तिथून पुढे.

मला तेवढा एकच शब्द करायचा होता:
"नाही."
तो मी 'नाही' असाच सांगितला.